साडेतेवीस आठवडे, कोलायटिस भडकला, मोठं आतडं काढायचं म्हणतात. डिलिव्हरीपर्यंत थांबता येतं का?

नंदनवनवाला (शनिवार, रात्री 1.40)

हॉस्पिटलच्या पॅसेजमधून लिहून राहिलो, चुका सांभाळून घ्या.

बायको 29 वर्षांची, पहिलंच बाळंतपण, आज 23 आठवडे 4 दिवस. 2019 पासून अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला आतून सूज आणि जखमा) आहे. मेसालामाइनच्या गोळ्यांवर तीन वर्षं चांगली होती, सावजीसुद्धा पचत होतं (खात नाही म्हणायची, पण मला माहीत आहे). दिवस राहिल्यावर नात्यातल्या कोणीतरी सांगितलं, पोटात बाळ असताना एवढ्या गोळ्या कशाला? तिनं कोणाला न सांगता बंद केल्या. अठराव्या आठवड्यापासून रक्त आणि आव सुरू. आम्ही आधी उन्हाळ्यालाच दोष देत बसलो.

बुधवारी रात्री आणलं तेव्हा दिवसाला 14-15 वेळा, नुसतं रक्त. ताप, नाडी 120, हिमोग्लोबिन 7.8. दोन बाटल्या रक्त चढवलं. हायड्रोकॉर्टिसोनची (स्टेरॉइड) इंजेक्शनं दिवसातून चार वेळा चालू आहेत. काल खालून छोटी दुर्बीण टाकून पाहिली, भूल न देता. आज तिसरा दिवस, आकडा 11, सीआरपी (अंगातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) 68. गॅस्ट्रोवाले डॉक्टर म्हणतात इन्फ्लिक्सिमॅबचा (स्टेरॉइडनं न आवरलेली सूज दाबायचं औषध) डोस उद्या देऊ, पण सर्जनला आत्ताच दाखवून ठेवतो. सर्जन आले, पाच मिनिटं थांबले. औषधानं आवरलं नाही तर मोठं आतडं काढावं लागेल, पोटावर पिशवी येईल, एवढं सांगून गेले.

पाच मिनिटांत काय विचारणार? बाळाचं काय होईल? तीन महिने कसेतरी काढून डिलिव्हरीनंतर ऑपरेशन केलं तर? पोट वाढून राहिलं त्यावर पिशवी बसणार कशी? आई म्हणते, "पोटुशी बाईचं पोट कापतेत का कोणी?" कोणाच्या घरी असं झालं असेल तर कृपया लिहा. गूगल नको, ते वाचून झालं.

संत्रानगरीकर (शनिवार, सकाळी 7.15)

भाऊ, घाबरू नका. माझ्या मावशीला हाच त्रास होता, कुटजारिष्ट आणि बेलाच्या मुरंब्यानं दोन महिन्यांत आटोक्यात आला. स्टेरॉइडनं बाळावर परिणाम होतो, ते आधी बंद करायला सांगा. आणि सर्जन लोकांना कापायचंच असतं. डिलिव्हरीपर्यंत खेचा, मग बघा.

उंटखान्याची मास्तरीण (शनिवार, सकाळी 9.05)

वरच्या दादांना आधी सांगते. मावशींना बरं वाटलं, आनंद आहे. पण अकरा वेळा रक्त पडणाऱ्या, सलाईनवरच्या बाईचं स्टेरॉइड अचानक बंद करा म्हणणं म्हणजे चालत्या गाडीतून उतर म्हणण्यासारखं आहे. आणि "डिलिव्हरीपर्यंत खेचा" हे वाक्य माझ्या घरातही खूप वेळा बोललं गेलं, म्हणून आज रविवारच्या भाज्या आणायच्या सोडून लिहायला बसले.

भाऊ, माझं मोठं आतडं 2022 च्या मे महिन्यात निघालं. तेव्हा 25 वा आठवडा चालू होता. मुलगी आता बालवाडीत जाते. म्हणून जे लिहीन ते माझ्या अंगावरचं. डॉक्टर मी नाही, मी चौथीला गणित शिकवते.

माझी सुरुवात तुमच्यासारखीच. फरक इतकाच की पहिल्या हॉस्पिटलात मी नऊ तास स्ट्रेचरवर होते. गायनॅक म्हणे हे पोटाचं आहे, गॅस्ट्रोला दाखवा. गॅस्ट्रो म्हणे गर्भार आहे, गायनॅक अॅडमिट करेल तर मी पाहीन. नाव लिहिणार नाही, त्यानं काही होणार नाही. दुसरीकडे गेलो तिथं दोघं एकाच वेळी खाटेशी उभे राहिले आणि मला तेव्हाच निम्मं बरं वाटलं. तुमच्याकडे तिसऱ्याच दिवशी सर्जनला बोलावलं ना, ते तुम्हाला घाबरवायला नाही. तेच बरोबर आहे. शेवटच्या घटकेला पहिल्यांदा येणारा सर्जन वाईट.

आमच्या ह्यांनी वहीत ताळ्याच्या खुणा केल्या होत्या, चार उभ्या आणि पाचवी आडवी. प्रत्येक वेळी मी बेडपॅन मागितला की एक रेघ. पहिल्या दिवशी तीन गठ्ठे भरले. डॉक्टर राउंडला आले की आधी ती वही मागायचे, माझ्या तोंडाकडे नंतर बघायचे. तुम्हीही लिहा. रात्रीच्या वेळा वेगळ्या लिहा, रक्त होतं की नाही तेही.

मलाही इन्फ्लिक्सिमॅब दिलं. त्याआधी छातीचा एक्स-रे आणि टीबीची रक्ततपासणी झाली, कारण आपल्याकडे टीबी लपून बसलेला असतो आणि हे औषध त्याला उठवतं. एक्स-रेला मी नाही म्हटलं होतं. पोटावर शिशाचा एप्रन टाकला आणि समजावलं की छातीच्या एका फोटोत बाळापर्यंत पोचणारं रेडिएशन नगण्य असतं. चार दिवस वाट पाहिली. रेघा पंधरावरून दहावर आल्या, आम्ही खूश. पाचव्या दिवशी अचानक चारच. मी तर म्हटलं, बरी झाले! डॉक्टरांचा चेहरा मात्र उतरला. पोट ढोलासारखं ताठ झालं होतं. आता पोटाचाच फोटो, आणि त्यात आडवं आतडं सहा सेंटिमीटरच्या वर फुगलेलं. म्हणजे आतडं हलायचंच थांबलं होतं, म्हणून संडास कमी. हे लक्षात ठेवा भाऊ. आकडा कमी झाला आणि पोट फुगलं, तर ती चांगली बातमी नाही, लगेच नर्सला सांगा.

आता माझी चूक. डॉक्टर त्याच दिवशी म्हणाले, ऑपरेशन करू. मी दोन दिवस मागितले. कारण सांगायला लाज वाटते. माझ्या सासूबाईंनी डोहाळजेवणाचा हॉल घेऊन ठेवला होता, आणि मला वाटत होतं की एकदा सही केली की ते सगळं गेलं, बाळही गेलं. सासूबाई वाईट नाहीत. त्यांची एक बहीण बाळंतपणात गेली होती, ऑपरेशन म्हटलं की त्यांचे हात थरथरायचे. त्या म्हणायच्या, "काहून घाई करता जी, सातवा लागू द्या."

भूलतज्ज्ञ बाई आल्या. बसल्या खुर्ची ओढून. म्हणाल्या, "उद्या सकाळी दहाला घेतलं तर मी आहे, सर्जन आहेत, गायनॅक आहे, लहान बाळांचे डॉक्टर खाली तयार आहेत. रात्री तीनला आतडं फुटलं तर जो ड्यूटीवर असेल तो. फुटल्यावर बाळ वाचायची शक्यता फार कमी होते, तुमचीही." सासूबाईंनी पदर तोंडाला लावला आणि मला म्हणाल्या, कर सही. हॉलचे पैसे परत मिळाले नाहीत, ते मामंजी अजून काढतात.

बाळाच्या फुप्फुसांसाठी डेक्सामेथासोनची इंजेक्शनं आधीच देऊन ठेवली होती, बारा-बारा तासांनी चार. टेबलावर मला डावीकडे कलतं ठेवलं, उजव्या कुल्ल्याखाली गादीची पाचर लावून. पाठीवर सरळ झोपवलं तर गर्भाशयाच्या वजनानं मोठी रक्तवाहिनी दबते आणि बाळाला रक्त कमी पोचतं, म्हणून. आत न्यायच्या आधी ठोके मोजले, बाहेर आणल्यावर पुन्हा मोजले. मला शुद्ध आली तेव्हा नर्सनं डॉपलर पोटाला लावला होता, तो घोड्याच्या टापांसारखा आवाज. ती बहुतेक मुद्दाम तशीच उभी होती. पहिल्या रात्री कळा आल्यासारख्या झाल्या, पहाटेपर्यंत थांबल्या. दोन दिवस बाळ हललं नाही म्हणून मी रडत होते. डॉक्टर म्हणाले, भुलीची आणि दुखण्याच्या औषधांची गुंगी तिलाही आहे. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी लाथ बसली, नेमकी टाक्यांच्या शेजारी.

काढलं काय? मोठं आतडं बहुतेक सगळं. गुदाशयाचा तुकडा आत बंद करून ठेवला, त्याला हात लावला नाही, कारण खाली गर्भाशयाच्या मागे त्या काळात कोणी खोदकाम करत नाही. लहान आतड्याचं टोक उजव्या बाजूला बाहेर काढलं. तो स्टोमा. लाल, ओला, गालाच्या आतल्या कातडीसारखा. हात लावला तर दुखत नाही, तिथं दुखण्याची जाणीवच नसते.

पिशवी कशी बसणार विचारलंत. ऑपरेशनच्या आधी सिस्टर पेन घेऊन आल्या आणि मला बसवून, उभं करून, वाकवून जागा बघितली. निऱ्या कुठं खोचते तेही विचारलं. नेहमीपेक्षा वर खूण केली, कारण पोट पुढं येणार होतं. तुमच्या सर्जनना हे नक्की विचारा: खूण कोण करणार आणि कधी? घाईच्या केसमध्ये हे राहून जातं.

घरी आले तेव्हा नवतपा (मे अखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस) लागला होता. नागपूरकरांना सांगायला नको. घामानं वेफर (पिशवी कातडीला धरून ठेवणारी चिकट चकती) उचलायचं, कूलरच्या दमट हवेत तर आणखीच. एक पुडकं यांच्या स्कूटरच्या डिक्कीत राहिलं, संध्याकाळी पाहिलं तर चिकटपट्टीचा डिंक वितळून लगदा. आठवा महिना लागला तसा स्टोमा मोठा होत गेला. दर आठवड्याला मापाच्या कागदानं मोजायचा आणि वेफरचं भोक नव्यानं कापायचं, नाहीतर बाजूची कातडी जळते. आणि एक दिवस मला तो दिसेनासाच झाला, पोटाच्या घुमटाखाली गेला. कपाटाच्या आरशासमोर उभी राहून, उलट्या हातानं पिशवी बदलायला शिकले.

पाणी. मोठं आतडं पाणी शोषतं, तेच नाही. मी तहान लागली म्हणून माठातलं साधं पाणी ढसाढसा प्यायचे आणि पिशवी आणखी पातळ भरायची, चक्कर यायची. मग ओआरएस, मीठ घातलेलं ताक, भाताची पेज. साबुदाणा आणि केळं खाल्लं की दाटपणा येतो. आणि संत्रं! नागपुरात राहून संत्रं जपून खायचं म्हणजे शिक्षाच. फोडीवरचा पापुद्रा स्टोमात अडकू शकतो. मी फोड चोखायची आणि चोथा टाकायची, लहान पोरासारखी. मक्याचं कणीसही बंद.

डिलिव्हरी 37 व्या आठवड्यात, नॉर्मल. पिशवी आहे म्हणून सिझर, असं आपोआप नसतं. मुलगी 2.4 किलो. रक्त गोठू नये म्हणून हेपरिनची इंजेक्शनं ऑपरेशननंतर होती, डिलिव्हरीनंतरही दीड महिना घेतली. कोलायटिस आणि बाळंतपण दोन्ही मिळून पायात गाठ व्हायचा धोका वाढवतात.

अजून एक, महत्त्वाचं. इन्फ्लिक्सिमॅब घेतलं असेल तर ते बाळाच्या रक्तात जातं आणि जन्मानंतर काही महिने राहतं. आपल्याकडे बीसीजी (टीबीची लस) जन्मल्या-जन्मल्या टोचतात, कोणाला न विचारता. त्यात जिवंत जंतू असतात. माझ्या फाइलवर गायनॅकनं लाल पेननं लिहिलं होतं "बीसीजी देऊ नये". तरी दुसऱ्या दिवशी सिस्टर सिरिंज घेऊन आलीच. आईनं हात धरला तिचा. नंतर वस्तीतल्या आशाताई तीनदा येऊन गेल्या, कार्डावर बीसीजीचा रकाना रिकामा काहून म्हणून.

पिशवी अजून आहे माझी. लहान आतड्याचीच आत थैली करून बाहेरची पिशवी काढायचं पुढचं ऑपरेशन मी मुद्दाम लांबवलं. ते खोल ओटीपोटात होतं, बीजनळ्यांभोवती चिकटाव होऊन दिवस राहायला अडचण येऊ शकते. दुसरं मूल हवं आहे, म्हणून आधी ते. शाळेत कोणाला कळतही नाही. मेट्रोनं जाते.

रात्रपाळी (शनिवार, दुपारी 3.30)

सर्जरीचा रेसिडेंट आहे, कुठला ते सांगत नाही. ताईंनी जवळपास सगळं लिहिलंय. आकड्यांबद्दल थोडं.

"तिसरा दिवस" हा डॉक्टरांच्या सोयीचा नाही. 1996 मध्ये ऑक्सफर्डच्या गटानं दाखवलं की शिरेतून स्टेरॉइड देऊन तिसऱ्या दिवशीही आठपेक्षा जास्त वेळा होत असेल, किंवा तीन ते आठ वेळा आणि सीआरपी 45 च्या वर असेल, तर त्याच अॅडमिशनमध्ये आतडं काढावं लागण्याची शक्यता 85 टक्के. तो अभ्यास गर्भवतींवरचा नव्हता आणि इन्फ्लिक्सिमॅबच्या आधीचा आहे, म्हणून तुमचे 11 आणि 68 म्हणजे शिक्का बसला असं नाही. पण वाट किती बघायची ते त्यावरून ठरतं. ईएसआर (सुजेचीच दुसरी रक्ततपासणी) कोणी दाखवला तर सोडून द्या, गरोदरपणात तो तसाही चढतो.

संत्रानगरीकर, प्रेडनिसोलोन आणि हायड्रोकॉर्टिसोनचा बराचसा भाग वार (प्लासेंटा) निष्क्रिय करते, बाळापर्यंत थोडाच जातो. त्याच्या मानानं उकळता कोलायटिस बाळासाठी कितीतरी वाईट. जुन्या पुस्तकांतले गर्भपाताचे भयंकर आकडे बरेचसे उशिरा केलेल्या ऑपरेशनांचे आहेत.

बीसीजीबद्दल ताई अगदी बरोबर. 2010 मध्ये ब्रिटनमधून एक केस छापून आली होती. आईला गरोदरपणात इन्फ्लिक्सिमॅब चालू होतं, बाळाला तीन महिन्यांचं असताना बीसीजी दिली, साडेचार महिन्यांचं असताना बाळ गेलं. त्यानंतर निदान सहा महिने लांबवतात, पुढचं बालरोगतज्ज्ञांशी बोला. जन्माच्या वेळच्या पोलिओच्या थेंबांबद्दल आणि रोटाव्हायरसबद्दलही त्यांनाच विचारा.

24 आठवडे पूर्ण व्हायला तीन दिवस आहेत. नवजात अतिदक्षता विभाग त्याच इमारतीत आहे का, हे आज विचारून घ्या. आणि खर्चाचं: महात्मा फुले योजनेत बसतं का ते हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राला ऑपरेशनच्या आधी विचारा. नंतर कागद जमवताना जीव जातो.

नंदनवनवाला (शनिवार, रात्री 11.10)

ताई, वाचून दाखवलं तिला. चोथ्याचं ऐकून हसली, चार दिवसांत पहिल्यांदा. वही सुरू केली. नवजात विभाग तिसऱ्या मजल्यावर आहे. आईला पण दाखवलं, ती काही बोलली नाही, पण संध्याकाळी गणपतीला टेकडीवर जाऊन आली.

गोळ्या बंद करायला सांगणारी बाई माझी सख्खी काकू निघाली. काय बोलावं तिला?

उंटखान्याची मास्तरीण (शनिवार, रात्री 11.25)

आत्ता काही नका बोलू. झोपा.

नंदनवनवाला (गुरुवार, सायंकाळी 6.50)

रविवारी इन्फ्लिक्सिमॅब दिलं. सोमवारी 9, मंगळवारी 9, बुधवारी सकाळी 12 आणि ताप. पोट फुगलं नव्हतं, पण सर्जन म्हणाले, आता वाट बघण्यात काही नाही. फुप्फुसांची इंजेक्शनं मंगळवारी रात्रीच सुरू केली होती. तिनंच सही केली, माझ्या आधी. आज सकाळी नेलं, साडेतीन तास लागले. बाळाचे ठोके बाहेर आल्यावर 146. पिशवीची खूण सिस्टरनं काल केली, मी विचारलं म्हणून. कोणाच्या लक्षात नव्हतं.

ती अजून गुंगीत आहे. आईनं एकदा चादर बाजूला करून स्टोमा बघितला, म्हणाली, "एवढंच होय?" आणि बाहेर जाऊन रडली.

ताई, वेफर कुठल्या मापाचं आणून ठेवू?

उंटखान्याची मास्तरीण (गुरुवार, सायंकाळी 7.02)

आत्ताच आणू नका. सुरुवातीला सूज असते, ती उतरायला काही आठवडे लागतात, आणलेलं मोठं पडेल. हॉस्पिटलातलं पुरेल. कापून घ्यायचं वेफर मागा, ठरलेल्या भोकाचं नको.

वॉर्ड आणि भेटायची वेळ मला मेसेज करा, रविवारी येते. कात्री आणि मापाचा कागद माझ्याकडे आहे. तुम्ही घरून आरसा आणून ठेवा, भिंतीला टेकवता येईल असा मोठा. हातातला नको, दोन्ही हात लागतात.